गावातले चार नंबर : प्रीपेड ठेवायचे की पोस्टपेड करायचे?

पाखाडी

नमस्कार मंडळी. घरातल्या मोबाईल नंबरांचा एकदाच काय तो निकाल लावायचा आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, हेदवीहून तवसाळकडे जाताना, जयगड खाडीच्या अंगाला. मी चिपळूणला नोकरीला. गावी आई-बाबा दोघंच असतात. धाकटा भाऊ बोटीवर, म्हणजे व्यापारी जहाजावर. एकदा गेला की सहा-सात महिने बाहेर. आणि बायकोने गावच्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आहे, त्यासाठी वेगळा नंबर घेतलाय.

चारही नंबर सध्या प्रीपेड आहेत आणि चारही नंबरांच्या तारखा वेगवेगळ्या. गेल्या पावसाळ्यात आईचा रिचार्ज संपला. ती नेहमी ज्या दुकानातून करते ते दुकान पावसामुळे बंद होतं. दोन दिवसांनी इनकमिंगही थांबलं. फोन लागेना म्हणून शेजारच्या काकूंना सांगून आईला त्यांच्या ओट्यावर बोलावून घेतलं, तेव्हा कुठे बोलणं झालं. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं गावात एकटी असताना हे परवडणारं नाही.

चिपळूणच्या एका दुकानातला मुलगा म्हणतो, चारही नंबर फॅमिली पोस्टपेडमध्ये टाका, एकच बिल, कटकट संपली. ऐकायला बरं वाटतं. पण भाऊ अर्धं वर्ष देशात नसतो, बाबा नेट वापरतच नाहीत, आणि आमच्याकडे रेंजचे हाल तुम्हाला माहीतच आहेत. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी, किंवा ज्यांचे आई-वडील गावी आहेत त्यांनी, काय केलंय ते सांगा.

सड्यावरून

दादा, प्रीपेड की पोस्टपेड हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, घराच्या माजघरात कोणाची रेंज येते?

आपल्याकडे टॉवर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, आणि वस्ती खाली, माडा-पोफळीत. सड्यावर चार काड्या दिसतात, घाटी उतरलं की एक, आणि चिऱ्याच्या भिंतीच्या आत गेलं की तीही जाते. सिग्नल डोक्यावरून पुढे निघून जातो. खाडीकाठच्या बऱ्याच घरांना तर आपल्या बाजूच्या टॉवरपेक्षा पलीकडच्या काठावरचाच टॉवर जवळचा पडतो, कारण मध्ये मोकळं पाणी असतं. तुमच्याकडे जयगडच्या बाजूचं काही लागतं का, ते बघा.

म्हणून आधी एवढं करा. शेजारीपाजारी विचारा, कोणाचा फोन घरात बसून लागतो. त्या कंपनीचं एक साधं प्रीपेड सिम घ्या आणि महिनाभर आईच्या जुन्या फोनमध्ये घालून ठेवा. सकाळी नाही, रात्री आठ-साडेआठला फोन लावून बघा, त्या वेळी सगळा गाव नेटवर असतो. जमलं तर ही चाचणी पावसात करा. मे महिन्यातली रेंज आणि जुलैमधली रेंज यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

१ एप्रिल २०२५ पासून प्रत्येक कंपनीने आपल्या वेबसाइटवर नेटवर्कचा नकाशा टाकणं ट्रायने (मोबाईल कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) बंधनकारक केलं आहे. कुठे ४जी, कुठे ५जी, ते रंगांनी दाखवतात. तोही बघा, पण नकाशाला तुमच्या घराच्या भिंती दिसत नाहीत, त्यामुळे शेवटचा शब्द माजघरातल्या फोनचाच.

बीएसएनएलला आधीच बाद करू नका. त्यांचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं, ९७,५०० टॉवरवर. आडगावात कधी कधी त्यांचाच टॉवर जवळ असतो. शिवाय जे टॉवर सरकारच्या डिजिटल भारत निधीतून उभे राहिलेत, तिथे जानेवारी २०२५ पासून एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचं ४जी वापरण्याची सोय सुरू झाली आहे. तुमच्या बाजूला असा टॉवर आहे का, ग्रामपंचायतीत विचारा.

हे सगळं झाल्याशिवाय पोस्टपेडच्या कागदावर सही करू नका. चारही नंबर एकाच कंपनीत नेले आणि त्या कंपनीची रेंज घरात नसली, तर चारही फोन एकदम गप्प होतील. आई-बाबांचे दोन फोन मुद्दाम दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ठेवा. वादळवाऱ्यात एक टॉवर गेला तरी दुसरा लागण्याची आशा राहते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही दापोलीकडचे लोक किती दिवस मुंबईच्या माणसांना "आम्ही बरे आहोत" एवढंही कळवू शकत नव्हतो, ते आठवलं की आजही कसंतरी होतं.

रातांबा

+१ सड्यावरून. दोन कंपन्यांचे दोन फोन ही गोष्ट फार मोलाची आहे. फॅमिली प्लॅनमध्ये नेमकी तीच जाते.

देवगडचा दुकानदार

माझं देवगड तालुक्यात छोटं दुकान आहे. झेरॉक्स, रिचार्ज, वीजबिल. रिचार्जवर मला कमिशन मिळतं, तेव्हा माझं म्हणणं ते लक्षात ठेवून वाचा. पण वर्षानुवर्षं गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे रिचार्ज करतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी २८ दिवसांचं गणित. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. लोकांना वाटतं महिन्याचा पॅक मारला, आणि तारीख दर वेळी मागे सरकत जाते. पगार किंवा पेन्शन एक तारखेला, रिचार्ज कधी एकवीसला, कधी एकोणीसला. म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात राहणार कसं? ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा पॅक ठेवायला लावला. पॅक आहेत, पण दुकानात येऊन ते मागणारा माणूस मला क्वचितच भेटतो. मागा. दुकानदाराला द्यावाच लागतो.

आता तुमच्या बाबांचं. नेट वापरत नाहीत ना? मग त्यांच्यासाठी रोज दीड जीबीचे पैसे का भरताय? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून कंपन्यांना नुसते कॉल आणि एसएमएसचे पॅक काढायला भाग पाडलं आणि अशा पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल असं केलं. जानेवारी २०२५ मध्ये ते पॅक आले. एअरटेलचा १,८४९ रुपयांत वर्षभराचा, ४६९ मध्ये ८४ दिवसांचा. जिओचा ४४८ मध्ये ८४ दिवसांचा आणि १,७४८ मध्ये ३३६ दिवसांचा. आकडे पुढेमागे होतात, भरायच्या आधी ताजा दर बघा. पण हिशोब कळावा म्हणून सांगतो, १,८४९ म्हणजे दिवसाला पाच रुपयांच्या जरासं वर. वर्षातून एकदा, गणपतीला सगळे घरी आले की रिचार्ज मारायचा, पुढे वर्षभर बघायला नको. माझ्याकडच्या कितीतरी आज्यांचं मी हेच लावून दिलंय. गल्ल्याशेजारी एक लांबट वही असते माझ्या. नंबर, तारीख आणि पुढे खूण : "वरच्या वाडीतली, मुलगा डोंबिवलीला". तारखेच्या आदल्या दिवशी मीच फोन करतो. तुमच्या गावच्या दुकानदाराशी बोलून ठेवा, बहुतेक जण करतात हे.

अजून एक. प्रीपेड नंबर वापरला नाही म्हणून ९० दिवसांच्या आत कंपनीला तो बंद करता येत नाही, आणि खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून पुढे ३० दिवस नंबर राखून ठेवावा लागतो. हा नियम २०१३ पासूनचा आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. त्याने नंबर तुमच्या नावावर राहतो. पॅक संपलेला असला तर फोन येणं-जाणं चालू राहील अशी हमी त्यात नाही. व्हॉट्सअपवर "२० रुपयांत सिम चालू" असले संदेश फिरतात, त्यावर विसंबून आईचा फोन ठेवू नका.

वायंगण

पोस्टपेडवाल्यांना रेंज चांगली मिळते असं ऐकलंय. कंपनी आधी बिलवाल्यांना लाइन देते म्हणतात. खरं का?

सड्यावरून

नाही. टॉवर तोच, लहरी त्याच. २०२० मध्ये दोन कंपन्यांनी जास्त बिलाच्या पोस्टपेड ग्राहकांना जास्त वेग देऊ अशी जाहिरात केली होती. त्या वर्षी जुलैत ट्रायने ते थांबवायला सांगितलं आणि विचारणा केली की मग बाकीच्या ग्राहकांचं काय. रेंजसाठी म्हणून कोणी पोस्टपेड घ्यायला सांगत असेल तर सरळ नको म्हणा.

कुडाळकर बायो

आमच्याकडे पावसात लाइट गेली काय टॉवरय जाता. जनरेटरात डिझेल आसला तर आसला. मगे प्रीपेड काय आणि पोस्टपेड काय, दोनय गप. त्यापेक्षा घरात इन्व्हर्टर आणि फायबर घेवा, वाय-फायवरसून फोन लागता.

सड्यावरून

बायो, बरी आठवण केलीस. वाय-फाय कॉलिंग. पाखाडी, गावापर्यंत फायबर आलं असेल तर (बीएसएनएलचं फायबर बऱ्याच ठिकाणी स्थानिक केबलवाल्यामार्फत मिळतं) राउटर लावा आणि आईच्या फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. तोच नंबर, तोच डायलर, वेगळं अॅप लागत नाही. प्रीपेडवरही चालतं. फोन आणि कंपनी दोघांनी ती सोय दिलेली हवी, एवढंच. माजघरात रेंज नसलेल्या घरांना यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

तांडेल हर्णै

मासेमारीवाल्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे पोस्टपेडचं नाव काढू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी होड्यांना बंदी. दोन महिने होडी किनाऱ्यावर शाकारलेली, हातात पैसा नाही, आणि बिल मात्र दर महिन्याला येणार. प्रीपेडला माणूस त्या दोन महिन्यांत साधा कॉलचा पॅक मारतो, हंगाम सुरू झाला की मोठा मारतो. ज्याच्या घरात पैसा हंगामाने येतो त्याने खर्चही हंगामाने करता येईल असाच ठेवावा.

दुसरं म्हणजे रोजच्या दीड जीबीचे पॅक आमच्या खलाशांच्या कामाचे नाहीत. बर्फ, डिझेल भरून होडी बाहेर पडली की किनारा दिसेनासा झाल्यावर रेंज संपली. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून केबिनमध्ये खिळ्याला टांगलेला. चार-पाच दिवस तो तसाच, आणि रोज रात्री बाराला त्या दिवसाचा डेटा वाया. बंदराला लागल्यावर मात्र पोरांना एकदम नेट हवं असतं, घरी व्हिडिओ कॉल, माशांचे भाव, सगळं. त्यांच्यासाठी रोजचा नाही, एकूण डेटाचा पॅक बरा. दोनशेच्या आतबाहेर २८ दिवसांना एकूण २ जीबीवाले मिळतात, कमी पडलं तर वर डेटाचा छोटा पॅक मारायचा.

आणि मोबाईल ही समुद्रावरची सुरक्षा नव्हे. वायरलेस सेट आणि लाइफ जॅकेट विसरून मोबाईलच्या भरवशावर कोणी जाऊ नये, हे तळमळीने सांगतो.

तिसरा इंजिनियर

पाखाडी, तुमच्या भावासाठी. मी स्वतः जहाजावर असतो.

बोटीवरच्या माणसाचा भारतातला नंबर हा बोलण्यासाठी नसतो, ओटीपीसाठी असतो. बँक, आधार, डीजी शिपिंगची (जहाज वाहतुकीचं सरकारी कार्यालय) खाती, पॅन, सगळं त्याच नंबरावर. नंबर गेला तर घरी पैसे पाठवणंही अडतं. बंद झालेला नंबर ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्या माणसाला देऊ शकते, आणि मग आपले बँकेचे एसएमएस भलत्याच्याच हातात. आमच्या बोटीवर एका पोराचं असं झालं होतं. परत येऊन बँकेत आणि आधार केंद्रात खेटे घालून त्याची अर्धी सुट्टी त्यातच संपली.

पोस्टपेडला "सेफ कस्टडी" म्हणून सोय आहे. ट्रायच्या नियमानुसार तीन महिन्यांना जास्तीत जास्त १५० रुपये घेऊन कंपनी नंबर राखून ठेवते आणि नेहमीचं भाडं लागत नाही. पण त्या काळात सेवा बंद, म्हणजे ओटीपी येत नाही. ज्याला बाहेर असताना ओटीपी लागत नाही त्यालाच ते उपयोगाचं. दुकानातला मुलगा हे दोन्ही सांगणार नाही, ना सोय, ना तिची मेख.

मी प्रीपेडच ठेवलाय. निघायच्या आधी वर्षभराचा कॉल-एसएमएसचा पॅक मारतो आणि इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घेतो. परदेशी बंदरात आलेल्या एसएमएसला सहसा पैसे लागत नाहीत, त्यामुळे किनाऱ्याला लागलं की ओटीपी मिळतो. डेटा रोमिंग मात्र कायम बंद. पोस्टपेडवर ते चुकून चालू राहिलं तर बिल कुठवर जाईल सांगता येत नाही, प्रीपेडला शिल्लक संपली की आपोआप थांबतं. काही जहाजांवर, विशेषतः क्रूझवर, जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं. फोन ते पकडतो आणि त्याचे दर साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत. बंदर सुटलं की फ्लाइट मोड, ही सवयच लावून घ्यायला सांगा भावाला.

माडबन

तारकर्लीजवळ माझा होमस्टे आहे. वर सगळे प्रीपेडच्या बाजूने बोलतायत, तर मी दुसरी बाजू मांडते, कारण पाखाडींच्या बायकोची आणि माझी गरज एकच आहे.

धंद्याचा नंबर पोस्टपेडच असावा, असं माझं ठाम मत आहे. तो नंबर रस्त्यावरच्या पाटीवर आहे, गुगल मॅपवर आहे, जुन्या पाहुण्यांच्या फोनमध्ये आहे. मे महिन्यात पहाटे साडेपाचला मासे आणायला जायचं, सात वाजता नाष्ट्याला आंबोळ्या, दुपारी बारा माणसांची पंगत. त्यात आज रिचार्ज संपणार हा एसएमएस कोण वाचणार? अर्धा दिवस फोन लागला नाही तर पाहुणा शेजारच्या होमस्टेला जातो आणि पुढच्या वर्षीही तिथेच जातो. पोस्टपेडला बिल आल्यावर भरायला दिवस मिळतात, आणि बँकेतून आपोआप कापून जायची सोय लावली की तेही बघायला नको.

डेटाचंही तसंच. रोजचा दीड जीबी माझा आडवारी उरतो आणि शनिवारी दुपारपर्यंत संपतो, कारण फोटो, व्हिडिओ, पैसे आले का बघणं, पाहुण्यांना हॉटस्पॉट. पोस्टपेडला महिन्याचा डेटा एकत्र मिळतो, लागेल तेव्हा लागेल तेवढा वापरा. काही प्लॅनमध्ये उरलेला पुढच्या महिन्यात जातो.

फक्त किमतीत फसू नका. प्रीपेडचा छापील आकडा करासह असतो, पोस्टपेडच्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा ४४९ चा पोस्टपेड ७५ जीबीचा होता, तो हातात पडतो ५२९ रुपये ८२ पैशांना. वर्षाचे सुमारे ६,३५८. २९९ चा प्रीपेड तेरा वेळा मारला तर ३,८८७. म्हणजे जवळजवळ अडीच हजार रुपये जास्त. मला ते परवडतात, कारण एक चुकलेलं बुकिंग त्याहून महाग पडतं. पण आई-बाबांच्या फोनसाठी मी हे पैसे कधीच देणार नाही.

जीएसटी नोंदणी असेल आणि बिल धंद्याच्या नावाने, जीएसटी नंबर घालून घेतलं, तर पूर्वी त्या कराचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळायचं; सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना ते मिळत नाही. नोंदणी नसेल तर तसाही तो फायदा नव्हताच. सेवांना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही, त्यामुळे दोन खोल्यांना बहुतेक लागणारच नाही. आंबावाल्यांनी यावरून पोस्टपेड घ्यायला जाऊ नये, ताज्या आंब्यावर मुळात जीएसटीच नाही.

लीड्सहून

मूळचा राजापूरचा, सध्या ब्रिटनमध्ये. इथे कॉन्ट्रॅक्ट म्हणजे बऱ्याचदा दोन वर्षांचा करार, त्यात हँडसेटचे हप्ते, आणि मध्ये सोडलं तर उरलेले पैसे भरा. भारतात पोस्टपेड म्हटलं की आमच्याकडचे लोक त्या करारासारखं समजतात. तिकडे बहुधा महिन्याच्या महिन्याला सोडता येतं ना?

देवगडचा दुकानदार

हो साहेब, इथे साध्या पोस्टपेडला तसा लांब करार नसतो. फोन हप्त्यावर घेतला तर ते कर्ज वेगळं, फायनान्स कंपनीचं. पोर्ट करायला, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलायला, मात्र सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेडचं बिल पूर्ण भरलेलं हवं.

वायंगण

सोडणं वाटतं तितकं सोपं नाही हो. एका कंपनीचा पोस्टपेड मी दुकानात जाऊन तोंडी बंद करायला सांगितला. तो मुलगा "झालं" म्हणाला. पुढे दोन महिने बिल येत राहिलं आणि मग वसुलीवाल्यांचे फोन, तेही आमच्या वयस्कर वडिलांना. शेवटी कंपनीच्या १९८ या तक्रार नंबरवर तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतला, तिथे दाद लागली नाही म्हणून त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे लेखी गेलो, तेव्हा बिल रद्द झालं. ट्रायच्या २०१२ च्या नियमांत ही दोन पायऱ्यांची सोय आहे. बंद करताना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, शेवटचं बिल शून्य झाल्याचा कागद किंवा एसएमएस जपून ठेवा.

पाखाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

रविवारी गावी जाऊन चाचणी केली. आईचा सध्याचा फोन फक्त खळ्याच्या टोकाला, फणसाखाली लागतो. तिला आता तिथे उभं राहून बोलायची इतकी सवय झाली आहे की पावसातही छत्री घेऊन तिथेच जाते, आणि ते आम्ही इतकी वर्षं चालवून घेतलं याचं वाईट वाटलं. शेजाऱ्यांचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघितलं तर स्वयंपाकघरात बसून स्पष्ट बोलता आलं. खाडीपलीकडचा टॉवर असावा. म्हणजे आईचा नंबर पोर्ट, बाबांचा आहे तिथेच आणि दोघांचाही वर्षाचा कॉल-पॅक. भावाला तिसऱ्या इंजिनियरांचं सगळं पाठवलं, तो तसंच करणार आहे.

पण आईचं सिम अडकलंय. ते मी मुंबईला असताना माझ्या नावाने घेतलं होतं. नंबर मुंबईचा, सिम माझ्या नावावर, वापरते आई गावी. पोर्ट होईल ना?

सड्यावरून

होईल. मुंबई हे वेगळं सर्कल (मोबाईल सेवेचा विभाग) आहे, त्यात ठाणे-नवी मुंबईही येतात. आपला बाकीचा कोकण महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्यात तोच नंबर नेता येतो. फक्त त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात तिथे याला पाच लागतात. पोर्ट लिहून पुढे नंबर घालून १९०० ला एसएमएस, आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. पॅक चालू असतानाच करा, नाहीतर एसएमएस अडकू शकतो. त्याच नंबराचं सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर कोड मिळायला सात दिवस थांबावं लागतं, १ जुलै २०२४ पासूनचा नियम आहे तो.

सिम तुमच्या नावावर आहे म्हणून दुकानात आधार घेऊन तुम्हालाच जावं लागेल, आईला पाठवून चालणार नाही. आणि चाकरमान्यांच्या घरात हे सर्रास असतं म्हणून सगळ्यांनाच सांगतो, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. गावी दिलेली, भावाला दिलेली, हरवलेली, सगळी तिथे दिसतात. आपलं नसलेलं दिसलं तर तिथूनच कळवता येतं.

रातांबा

एक शंका. पावसात टॉवर चार-चार दिवस बंद असतो, त्या दिवसांचे पैसे परत मिळतात का? पोस्टपेडला मिळतात असं कोणीतरी म्हणालं.

देवगडचा दुकानदार

दोघांनाही आहे, पण अट मोठी आहे. ट्रायच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडच्या पुढच्या बिलात तेवढी सूट आणि प्रीपेडला तेवढी मुदत वाढवून द्यायची. नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळलेली आहे. म्हणजे वादळाने टॉवर पडला तर नाही, आणि एका वाडीचा टॉवर बंद असेल तर तो जिल्ह्याचा प्रश्न धरत नाहीत. आपल्याकडे बहुतेक वेळा हेच घडतं. पैसे परत मिळोत न मिळोत, १९८ ला तक्रार नोंदवा. वाडीतल्या दहा जणांनी वेगवेगळी नोंदवली की कंपनीचा माणूस लवकर येतो, हा माझा अनुभव आहे.

पाखाडी

होमस्टेच्या नंबराचं अजून ठरत नाही. माडबन ताईंचं म्हणणं बायकोला पूर्ण पटलंय. माझं मन तांडेलांच्या बाजूला जातं, कारण आमच्याकडेही जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या असतात.

माडबन

मग पहिल्या वर्षी प्रीपेडच राहू द्या, ८४ दिवसांचा पॅक मारा आणि वहिनींना पुढची तारीख बुकिंगच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा. दिवाळी ते मे या काळात बुकिंग किती येतात ते दिसेल. तोच नंबर नंतर त्याच कंपनीत पोस्टपेड करता येतो, २०२१ पासून ते ओटीपीवर होतं, सिमही बदलावं लागत नाही. आणि आईचा नंबर पोर्ट करायचा तो गणपतीच्या आठवड्यात काढू नका. त्या दिवसांत सगळे चाकरमानी गावात, टॉवरवर गर्दी, कोडचा एसएमएस यायलाही वेळ लागतो. चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी उरकून घ्या.

पाखाडी

ठरलं. पुढच्या शनिवारी आधार घेऊन जातोय.